साठ मिनिटांचा दरवाजा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे आणि माझ्या मनात एक अढी बसलेली आहे. गोड गोड ऐकायचं असेल तर कोपऱ्यावरच्या बेकरीच्या दरवाज्याकडे जा. त्याच्या अंगाला दिवसभर वेलची घातलेल्या पावाचा वास येतो आणि तो येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांचं कौतुक करतो. माझ्या अंगाला जळक्या रंगाचा वास येतो. सध्या मी सायकलींच्या छपराला टेकून उभा आहे. सोमवारी भंगाराची गाडी येणार आहे. तुम्ही माझ्यावर सायकली टेकवता त्याबद्दल माझी तक्रार नाही, तुमच्याशी माझं वैर नाही. माझं वैर आहे ते टाउनो रेकोलाशी, आणि त्याचीच हकीकत मी सांगणार आहे.

माझा जन्म १९६२ सालचा, इथलाच, टाम्पेरे शहरातला. दोन पोलादी पत्रे, त्यांच्यामध्ये दगड वितळवून काढलेली लोकर, आणि चौकटीत तिळाएवढीही फट राहणार नाही अशी कड. आम्ही एकाच मापाचे नऊ भाऊ होतो. त्यांतल्या एकाला कारखान्याच्या लोकांनी भट्टीच्या तोंडाशी बसवलं आणि भट्टी पेटवली. तो किती वेळ टिकतो ते हातात घड्याळ धरून पाहिलं. तो चौसष्ट मिनिटं टिकला आणि मग वाकला. त्याच्या जिवावर आम्हा उरलेल्या आठ जणांच्या कडेला एकेक पितळी पट्टी ठोकली गेली. तिच्यावर लिहिलं होतं, साठ मिनिटं. म्हणजे माझ्या एका बाजूला आग लागली तर दुसऱ्या बाजूच्या माणसांना बाहेर पडायला एक तास मिळणार. तो आकडा मी कधी विसरलो नाही, कारण तो कसा मिळाला हे मला माहीत होतं.

मला आणून बसवलं ते या तीन मजली इमारतीच्या तळघराच्या तोंडाशी. माझ्या मागे तळघर. त्यात सगळ्यांचा मिळून एक सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली, कपडे धुण्याची खोली, बटाट्यांचे खण आणि बर्फावर घसरायच्या स्कीच्या फळ्या ठेवायची जागा. माझ्या पुढे जिना. नऊ बिऱ्हाडं त्या एका जिन्याने चढायची आणि उतरायची. लिफ्ट नव्हती, अजून नाही. इतर दरवाजे उघडण्यासाठी बनवतात, मला बंद राहण्यासाठी बनवलं होतं. माणूस आला की उघडायचं आणि तो गेला की आपणहून मिटायचं, एवढंच माझं काम. त्यासाठी माथ्यावर स्प्रिंगचा एक हात होता. शिवाय बिजागऱ्या चढत्या होत्या. म्हणजे मला उघडलं की मी बोटभर वर उचलला जायचो आणि सोडलं की स्वतःच्याच वजनाने खाली सरकत मिटायचो. हात मोडला तरी वजन तर आहे, असा बनवणाऱ्यांनी विचार केला होता. टाउनो रेकोलाचा विचार त्यांनी केला नव्हता.

आम्हा आगीच्या दरवाज्यांचं घराणं मोठं आहे, आणि आमच्यात मानपानही भरपूर. घराघरांची दारं लाकडाची, तीस मिनिटांची. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांच्या कडांना एक पट्टी बसवली. आगीची धग लागली की ती पट्टी फुगते आणि सगळ्या फटी बुजवून टाकते. तेव्हापासून त्यांना भलतीच शिंगं फुटली. वर पोटमाळ्याच्या तोंडाशी काचेचा दरवाजा आहे, काचेत बारीक तारांची जाळी. त्याचं काम धूर अडवायचं. काच तडकली तरी जाळी तिला पडू देत नाही, पण धग मात्र आरपार जाते, म्हणून मी त्याला कधी फारसं मोजलं नाही.

माझ्या पूर्वजांची माहिती मला लेंपी वाइनिक्कामुळे कळली. लेंपी तिसऱ्या मजल्यावर राहायची. कापडगिरणीत विणकाम करायची, आणि माझ्याशी बोलणारी इमारतीतली ती एकटीच बाई. बटाटे घ्यायला तळघरात आली की टोपली खाली ठेवायची आणि माझ्या छातीवर दोन थापा मारायची.

"काय रे लोखंड्या, जागा आहेस ना? तुझा आजोबा होता आमच्या गिरणीत. रुळावर लटकलेला, आणि रूळ उताराचा. एक वजन त्याला उघडं धरून ठेवायचं. त्या वजनाची कडी अशा धातूची होती, की धगीने मेणासारखी विरघळायची. कडी विरघळली की वजन धाडकन खाली आणि तुझा आजोबा आपला आपण घरंगळत यायचा. कापसाच्या खोलीत आग लागली तेव्हा तो असाच आला बघ. आम्ही चौदा जणी त्याच्या अलीकडे होतो. म्हणून मी आज बटाटे सोलतेय."

तिच्या त्या थापांची मला सवय झाली. खरं सांगायचं तर मी त्यांची वाट पाहायचो.

टाउनो रेकोला तळमजल्यावर, माझ्या भिंतीला लागून राहायचा. कागद कारखान्यात पाळीवर कामाला. रात्रपाळी करून सकाळी झोपायचा आणि त्याच वेळी इमारतीतल्या बायका कपडे धुवायला तळघरात उतरायच्या. मी मिटताना आवाज व्हायचा. साठ मिनिटांचा दरवाजा मिटताना आवाज होणारच, तो काही पडदा नाही. टाउनो आतल्या चड्डीवर बाहेर यायचा आणि मला लाथ घालायचा. माझं त्याच्याशी वाकडं तिथून सुरू झालं. मी काय गुन्हा केला होता? मी मिटत होतो.

१९७१ साली मी त्याची करंगळी धरली. मुद्दाम धरली, हे मी आज कबूल करतो. नख काळं पडलं आणि दोन महिन्यांनी गळालं. पण खरी फजिती पुढच्या वर्षी झाली. इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला सौनाचा ठरलेला वार आणि ठरलेला तास असतो. टाउनोचा शुक्रवार, संध्याकाळी सहा. तो अंग लाल होईपर्यंत वाफ घेऊन, कमरेला टॉवेल गुंडाळून, हातात सॉसेजची थाळी घेऊन माझ्यातून बाहेर पडला. मी त्याच्यामागे मिटलो आणि टॉवेलचं टोक पक्कं धरलं. तो चार पावलं पुढे गेला. टॉवेल गेला नाही. आणि वरून लेंपी बटाट्यांची रिकामी टोपली घेऊन उतरत होती.

"अगं बाई," लेंपी म्हणाली, "आज पार उघड्यावर आलास की!"

"हसू नकोस! दार ओढ! माझा एक हात अडकलाय!"

"एका हातात सॉसेज आहे, तो कुठे अडकलाय? थाळी पुढे धर, म्हणजे निदान मला खाली उतरता येईल."

"लेंपी, देवाशप्पथ सांगतो, हे दार मी मोडून टाकीन!"

"तू दार मोड नाहीतर राहू दे, टाउनो. ते तुझ्यापेक्षा हट्टी आहे, एवढं मला कळलंय."

आठवडाभर सगळी इमारत हसत होती. मी इतका सुखात कधीच नव्हतो. पण पुढच्या रविवारी टाउनो पाना घेऊन आला आणि त्याने माझ्या माथ्यावरचा स्प्रिंगचा हात सोडवून काढला. मी मिटायचं थांबलो नाही, बिजागऱ्या होत्याच. मग त्याने माझ्या कुलपाच्या जिभेवर चिकटपट्टी गुंडाळली, खटका वाजू नये म्हणून. मी तरीही वजनाने मिटतच राहिलो. शेवटी सौनाच्या शेगडीवरचे दगड बदलायचं साल आलं. जुने दगड वाफेने भेगाळतात, ते काढून टाकतात. त्या ढिगातला सगळ्यांत मोठा काळा दगड टाउनोने उचलला आणि माझ्या पायाशी ठेवला. "आता बस," म्हणाला.

मित्रांनो, तो दगड सत्तावीस वर्षं तिथे होता.

धुराडी साफ करणारा दर वर्षी यायचा, दगड पायाने बाजूला सारायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा. त्याची पाठ वळली की दगड परत जागेवर. लोकांनाही सोयीचं झालं. ओल्या हातांनी मला ओढायला नको, तळघर कोंदट होत नाही, सौनाची ऊब जिन्यात येते. टाउनो मग इमारतीच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. त्यानंतर कोण बोलणार? फक्त लेंपी बोलायची. ती येताजाता काठीच्या टोकाने दगड ढकलून द्यायची आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत मी मिटलेला असायचो. तेवढीच माझी इभ्रत. पुढे तिचं खुब्याचं हाड गेलं. शेवटचे दोन हिवाळे ती खाली उतरलीच नाही, आणि त्या दोन वर्षांत मला कुणी एकदाही मिटू दिलं नाही.

उघडा पडून राहिलेला दरवाजा काय करतो? तो आठवतो. मी लाथा आठवल्या, पाना आठवला, जिभेवरची चिकटपट्टी आठवली. आणि मी मनाशी पक्कं केलं. एक दिवस असा येईल की टाउनो रेकोला, तुला माझी गरज पडेल. तू दोन्ही हातांनी मला धरशील आणि माझ्या पाया पडशील. त्या दिवशी मी हलणार नाही.

आता टाउनोबद्दल एक गोष्ट मला आवडत नसली तरी सांगायला हवी. लेंपीचं उतरणं बंद झाल्यावर तिचं दूध तोच वर नेऊन द्यायचा. वर्तमानपत्र तोच न्यायचा, बटाटेही तोच. मी त्याला जाताना बघायचो आणि मला वाटायचं, हा दाखवायला करतोय. कुणाला दाखवायला, ते मात्र मला सांगता येत नव्हतं.

यंदाच्या मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारची गोष्ट. दर वसंतात इथे श्रमदानाचा दिवस असतो. सगळी बिऱ्हाडं अंगणात उतरतात, पाला गोळा करतात, बाकांना रंग देतात, सॉसेज भाजतात आणि शेवटी सौना घेतात. टाउनो त्या दिवशी पहाटेपासून रबरी बूट घालून हुकूम सोडत होता. लेंपीच्या सतरंज्या त्याने खाली आणल्या. चिंध्यांच्या त्या लांब सतरंज्या तिने स्वतः विणलेल्या होत्या. त्याने त्या अंगणात साबण लावून घासल्या, गुडघे टेकून, सत्तर वर्षांचा माणूस. अकराच्या सुमारास पाऊस भुरभुरायला लागला. तेव्हा त्याने त्या पिळल्या, खांद्यावर टाकल्या आणि माझ्यातून तळघरात नेल्या. सौनाच्या बाकांवर पसरल्या, दोन शेगडीच्या कठड्यावर टाकल्या.

"चारला शेगडी लावायची, तोवर वाळतील," तो स्वतःशीच म्हणाला.

पण पावसामुळे काम लवकर आटपलं. लोक कुडकुडायला लागले. कुणीतरी अंगणातून ओरडलं, "अध्यक्ष, सौना आत्ताच तापवा की!" आणि दीडच्या सुमारास टाउनो हातात सॉसेजचा चिमटा घेऊनच धावत खाली आला. आमच्या सौनाच्या विजेच्या शेगडीची कळ आत नाही, बाहेर बोळात आहे, भिंतीवर. त्याने ती फिरवली आणि तसाच धावत वर गेला. आत डोकावला नाही. इथे कुणीच डोकावत नाही.

मी मात्र दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या. सतरंज्या आत जाताना पाहिल्या आणि कळ फिरताना पाहिली. अख्ख्या इमारतीत हे दोन्ही माहीत असलेला मी एकटाच होतो. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला होता, आणि टाउनोने तो स्वतःच्या हातांनी आणला होता.

वीस मिनिटांनी पहिला धूर आला. मग सौनाचं लाकडी दार आतून पेटलं आणि धूर बोळाच्या छताला धरून माझ्याकडे यायला लागला. मला ओलांडून तो जिन्यात शिरला. मी मनात टाउनोच्या घराचा हिशेब करत होतो. आता त्याच्या भिंती काळ्या होणार, त्याचा रेडिओ, त्याची खुर्ची, त्याची झोप. माणसं सगळी अंगणात आहेत आणि लेंपी तिसऱ्या मजल्यावर, तिच्या तीस मिनिटांच्या दाराआड. तिला काही होणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

अंगणात पाच मिनिटांपूर्वी काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. टाउनोने तिच्या खिडकीखाली उभं राहून हाक मारली होती.

"लेंपी! दोन वर्षं झाली तुला खाली येऊन. आज सॉसेज तुझ्यासाठी ठेवलंय. ये, नाहीतर मी खाऊन टाकीन."

"काळंकुट्ट करू नकोस म्हणजे झालं! निघाले मी."

"घ्यायला येऊ?"

"तू तुझी आग सांभाळ. मी काठीने येते. पण घाई करायची नाही हं, मला एकेका पायरीला एकेक उसासा लागतो."

ती निघाली होती. घराबाहेर पडून एकेक पायरी उतरत होती. मला माहीत नव्हतं.

तळमजल्यावरच्या काइसूने पहिल्यांदा धूर पाहिला. काइसू बस चालवते, आवाज खणखणीत. तिने अंगणाला ऐकू जाईल असं ओरडून अग्निशमन दलाला फोन केला. टाउनो चिमटा टाकून जिन्याकडे धावला. अर्धा जिना उतरून तो माझ्यापाशी आला, खोकत, डोळ्यांतून पाणी गळत. त्याने दगडाला लाथ घातली. दगड घरंगळत गेला. दोन वर्षांनी मी मोकळा झालो.

आणि त्याने मला दोन्ही हातांनी धरलं.

"चल," तो म्हणाला. "चल रे बाबा, चल. मिट."

अगदी तसंच, मी ठरवलं होतं तसंच. दोन्ही हात आणि विनवणी. मी हललो नाही. त्याने ओढलं, मी हललो नाही. त्याने खांदा लावला, शिव्या दिल्या, परत विनवलं. धूर आम्हा दोघांच्या मधून वर जात होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आठव ती लाथ, मी म्हणत होतो. आठव तो पाना.

तेवढ्यात वरून, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधून, आवाज आला.

"टाउनो! मी इथे जिन्यात आहे रे!"

"लेंपी! थांब, मी येतो वर!"

"येऊ नकोस! आधी दार लाव! दार लाव, टाउनो!"

आणि मग ती खोकायला लागली.

मी सुटलो. त्या खोकल्यासरशी मी असा सुटलो की टाउनो माझ्याबरोबर फरफटत गेला. माझं सगळं वजन मी खाली टाकलं आणि चौकटीत जाऊन बसलो. धूर तुटला. पण कुलपाच्या जिभेवर सत्तावीस वर्षांची चिकटपट्टी, पुटावर पुटं. जीभ बसेना. मागून धगीचा रेटा मला परत उघडायला लागला. टाउनोने नखांनी ती पट्टी ओरबाडली, ती निघाली नाही. मग त्याने दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले, पाय भिंतीला रोवले आणि मला बंद धरून ठेवलं.

"काइसू, तिला घे! मला सोड, तिला घे!"

काइसू ओला टॉवेल तोंडाला बांधून वर गेली. तिने लेंपीला उचललं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मोकळ्या घरात नेऊन लाकडी दार लावून घेतलं. त्या लाकड्याने त्या दिवशी चोख काम केलं. मीसुद्धा मग केलं. अग्निशमनाची माणसं येईपर्यंत अकरा मिनिटं आणि त्यांनी आग विझवेपर्यंत आणखी वीस. मागचा पत्रा लाल झाला, पोटातली लोकर काळी पडली, अंगाला बाक आला, पण माझ्यामधून पुढे काही जाऊ दिलं नाही. पुढची बाजू मात्र तापली. ती तापणारच. पहिली अकरा मिनिटं टाउनोने हात काढले नाहीत. मला कधीकाळी त्याची करंगळी हवी होती. आता त्याचे दोन्ही तळवे माझ्यावर होते, आणि जेव्हा त्या माणसांनी त्याला मागे ओढलं तेव्हा त्या तळव्यांची कातडी माझ्यावर राहिली.

लेंपी नऊ दिवस इस्पितळात होती. धूर फार गेला होता, वयही अठ्ठ्याहत्तर. दहाव्या दिवशी अंगणातल्या काठीवर झेंडा अर्ध्यावर चढला. इथे इमारतीतलं माणूस गेलं की तो असा चढवतात. टाउनोच्या हातांना पट्ट्या होत्या, म्हणून दोरी काइसूने ओढली. मला तोवर काढून इथे आणून टेकवलं होतं. मी तो झेंडा पाहिला.

माझ्या जागी आता नवा दरवाजा आला आहे. तो उघडाच राहतो, पण त्याला भिंतीवर एक चुंबक धरून ठेवतं. धुराचा वास लागला की चुंबक आपली पकड सोडतं आणि तो मिटतो. दगड नको, हात नको. चांगला पोरगा आहे. त्याला राग धरता येत नाही, आणि तेच बरं आहे.

मागच्या आठवड्यात अग्निशमन अधिकाऱ्याचा अहवाल आला. टाउनो या समोरच्या बाकावर बसला होता आणि काइसू त्याला वाचून दाखवत होती, कारण त्याला अजून कागद धरता येत नाही.

"दगड हटवल्यावरही दरवाजा मिटायला सुमारे चाळीस सेकंद उशीर झाला," काइसूने वाचलं. "कारण, बिजागऱ्यांवरचा गंज. देखभालीचा अभाव."

टाउनोने मान वर केली.

"पण मी तेल घातलं होतं," तो म्हणाला. "ईस्टरच्या आठवड्यात. लेंपी मागे लागली होती, दगड ठेवतोस तर ठेव, निदान बिजागऱ्यांना तेल तरी घाल म्हणून. मी घातलं होतं, काइसू. मला वाटतं, घातलं होतं."

"टाउनो," काइसू हळूच म्हणाली, "तुम्ही सतरंज्याही विसरलात."

त्याने मान खाली घातली.

"हो," म्हणाला. "घालायचं राहिलंच असेल. विसरलोच असेन."

त्या दिवसापासून तो रोज इथे येऊन बसतो. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवतो आणि ते चाळीस सेकंद मोजतो. ओठ हलतात, मला दिसतं. दगड त्याचा होता, चिकटपट्टी त्याची होती, कळ त्याने फिरवली होती, आणि आता हे चाळीस सेकंदही त्याने स्वतःच्या नावावर घेतले आहेत. याहून मोठा सूड कुठल्या दरवाज्याला मिळाला असेल? मला तो मिळाला आहे, आणि मी तो रोज बघतो, आणि मला त्यात काडीचंही सुख नाही.

कारण मित्रांनो, तो विसरला नव्हता. ईस्टरच्या आदल्या बुधवारी तो तेलाची छोटी बाटली घेऊन आला होता. प्रत्येक बिजागरीत तीन थेंब. माझ्या बिजागऱ्या लोण्यासारख्या फिरत होत्या. गंज नव्हता.

तुम्हाला शहाणपण सांगायचं तर एवढंच सांगतो, की आगीच्या दरवाज्याला कधी दगड, खुंटी, टोपली लावू नका. तो लाकडाचा असो, लोखंडाचा असो, काचेचा असो, त्याला मिटू द्या. आणि एक काम माझं करा. टाउनोशी मला बोलता येत नाही, आणि सोमवारी गाडी येणार आहे. टाउनो रोज चार वाजता त्या बाकावर येतो. तुमच्यापैकी कुणीतरी त्याच्याजवळ जा आणि त्याला सांगा, की आजोबा, तुम्ही तेल घातलं होतं.